जिवंत दात्याकडून यकृत प्रत्यारोपण: अडते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यकृत निकामी झाल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी ‘आता लिव्हर बदलावे लागेल’ असे सांगितले की घरात दोन चर्चा एकदम सुरू होतात: पैसे कुठून आणायचे आणि लिव्हर कोण देणार. भारतात होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक शस्त्रक्रिया घरातल्याच एखाद्या निरोगी माणसाने यकृताचा भाग दिल्यामुळे होतात. तरीही गरज असलेल्यांपैकी फारच थोड्या रुग्णांपर्यंत हा उपचार पोहोचतो. तो का पोहोचत नाही आणि पोहोचवताना कोणती घाई करू नये, याविषयी नातेवाईक नेहमी जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

जिवंत माणसाचे यकृत कापून दुसऱ्याला कसे देता येते?

प्रौढ माणसाचे यकृत साधारण १२०० ते १५०० ग्रॅम वजनाचे असते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने त्याचे आठ भाग मानले जातात आणि प्रत्येक भागाला रक्तपुरवठ्याची व पित्त वाहून नेण्याची स्वतःची वाट असते. त्यामुळे काही भाग वेगळे करूनही दोन्ही तुकडे जिवंत राहतात. लहान मुलासाठी डावीकडचा छोटा भाग पुरतो. प्रौढ रुग्णासाठी बहुतेक वेळा उजवा खंड घ्यावा लागतो आणि तो एकूण यकृताच्या ६० ते ६५ टक्के भरतो. उजवा खंड देणाऱ्याचे पित्ताशयही काढले जाते.

उरलेला भाग पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत बराचसा भरून येतो. ‘लिव्हर परत उगवते’ असे जे म्हणतात ते यामुळेच, परंतु त्यात थोडी गफलत आहे. कापून दिलेला खंड पुन्हा तयार होत नाही. उरलेला भाग फुगून काम सांभाळतो. एकदा यकृत दिलेला माणूस पुन्हा कधीही यकृत देऊ शकत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

ही पद्धत आली कुठून?

लहान मुलांच्या गरजेतून. मुलाच्या पोटात मोठ्या माणसाचे अख्खे यकृत मावत नाही आणि मुलांच्या मापाचे मृत दाते क्वचितच मिळतात. १९८८ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे सिल्व्हानो राया यांनी जिवंत दात्याकडून यकृत घेऊन पहिला प्रयत्न केला, मात्र ते मूल वाचले नाही. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी आईचे यकृत मुलाला बसवले आणि ती शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. त्याच वर्षी जपान व शिकागो येथेही सुरुवात झाली. पुढे १९९३ मध्ये जपानच्या शिन्शू विद्यापीठात प्रौढाचा डावा खंड प्रौढाला देण्यात आला आणि १९९६ मध्ये हाँगकाँगमध्ये उजवा खंड वापरला गेला. मोठ्या माणसांसाठी ही वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती तेव्हा. भारतातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात एका लहान मुलावर झाली आणि दाता त्याचे वडील होते.

मेंदूमृत दात्याचे यकृत मिळत असताना निरोगी माणसाला टेबलावर का घ्यायचे?

मिळत नाही म्हणून. २०२३ मध्ये संपूर्ण भारतात १,०९९ मृत दात्यांचे अवयव मिळाले. १४० कोटींच्या देशात हे प्रमाण दर दहा लाखांमागे एकापेक्षाही कमी आहे, तर त्या वर्षी स्पेनमध्ये ते ४८-४९ च्या आसपास होते. त्याच वर्षी भारतात सुमारे साडेचार हजार यकृत प्रत्यारोपणे झाली. हा आकडा मृत दात्यांच्या बळावर गाठणे शक्यच नव्हते.

मेंदूमृत्यूला, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबण्याला, आपल्या कायद्याने १९९४ मध्येच मान्यता दिली आहे, त्यामुळे अडचण कायद्याची नाही. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचणे, तिथे व्हेंटिलेटर मोकळा असणे, मेंदूमृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी ओळखणे, ठरावीक अंतराने दोनदा तपासण्या करून तो प्रमाणित करणे आणि मग शोकात असलेल्या कुटुंबाशी कुणीतरी नीट बोलणे, अशी ही लांब साखळी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची पहिलीच कडी बहुधा तुटते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षायादी सांभाळतात आणि अवयवांचे वाटप करतात. अवयवदानात महाराष्ट्र देशातील पुढच्या राज्यांपैकी आहे, तरीही यादी लांबच आहे.

येथे एक मत नोंदवावेसे वाटते. घरातून दाता मिळतो म्हणून मृत दात्यांची व्यवस्था उभारण्याची निकड आपल्याकडे कमी भासते. जपानमध्ये मेंदूमृत दात्यांचे अवयव घेण्यास परवानगी देणारा कायदा १९९७ मध्ये आला, तोपर्यंत जिवंत दात्यावाचून दुसरा उपायच नव्हता. आपल्याकडे उपाय असूनही वापरात नाही. जिवंत दात्यांची संख्या वाढवण्याची भाषा करताना त्या निरोगी माणसावरचे ओझे दुसऱ्या कोणत्या मार्गाने हलके करता आले असते, हा प्रश्न बाजूला पडू नये.

घरातले चार जण द्यायला तयार आहेत, तरी ‘एकही चालत नाही’ असे रुग्णालय का सांगते?

या उत्तरावर सर्वांत जास्त नाराजी होते, म्हणून ते सविस्तर देत आहोत. दाता साधारणपणे १८ ते ५०-५५ वर्षांचा, निरोगी आणि जुळत्या रक्तगटाचा असावा लागतो. ओ गटाचा माणूस कोणालाही देऊ शकतो आणि एबी गटाचा रुग्ण कोणाकडूनही घेऊ शकतो. मूत्रपिंडाच्या तुलनेत येथे ऊतींच्या जुळणीला फारसे महत्त्व नसते. हे ऐकून नातेवाइकांना हायसे वाटते, पण खरी गाळणी त्यानंतर सुरू होते.

पहिली अडचण मापाची. रुग्णाला मिळणारा तुकडा त्याच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के असावा आणि दात्याकडे त्याच्या स्वतःच्या यकृताचा किमान ३० ते ३५ टक्के भाग उरावा, असे सर्वसाधारण निकष आहेत. समजा, रुग्णाचे वजन ८० किलो आहे. म्हणजे त्याला ६४० ग्रॅम यकृत हवे. पत्नीचे वजन ५० किलो आहे आणि तिचे संपूर्ण यकृत साधारण १००० ग्रॅमचे आहे. तिचा उजवा खंड ६० टक्के असेल तर ६०० ग्रॅमच मिळतात आणि ते नवऱ्याला कमी पडतात. खंड ७२ टक्के असेल तर त्याला पुरतात, पण तिच्याकडे २८ टक्केच उरतात आणि तिचा जीव धोक्यात येतो. तिची तयारी कितीही असली तरी हे गणित बदलत नाही. तुकडा लहान पडला तर त्यातून वाहणारे रक्त त्याला झेपत नाही, कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साचत राहते. अनुभवी केंद्रे यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब कमी करून ०.८ टक्क्यांहून लहान तुकडाही वापरतात, पण ते सर्वत्र जमण्यासारखे नाही.

दुसरी अडचण चरबीची. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये फॅटी लिव्हर निघते. मधुमेह, सुटलेले पोट आणि बैठे काम घरोघरी असल्यामुळे दाते बाद होण्याचे हे फार मोठे कारण झाले आहे. अशा दात्याला आहार व व्यायामाने काही आठवड्यांत वजन उतरवायला सांगतात आणि अनेकांची चरबी त्यातून खरोखर कमीही होते. मात्र रुग्णाकडे तेवढे आठवडे उरलेले असले पाहिजेत.

तिसरी अडचण रचनेची. पित्तनलिका, यकृताची धमनी आणि शिरा यांच्या फांद्या प्रत्येकात थोड्या वेगळ्या असतात. काहींमध्ये त्या अशा फुटतात की कापल्यावर दोन-तीन तोंडे उघडी राहतात आणि त्या सगळ्या जोडाव्या लागतात. एमआरआय पाहून सर्जन ‘नको’ म्हणतात ते बहुधा यामुळे. याखेरीज हृदय, फुप्फुसे, रक्ताच्या गुठळ्यांची प्रवृत्ती, हिपॅटायटिस बी व सी आणि मानसिक तयारी हेही तपासले जाते. इतक्या चाचण्यांनंतर तयार असलेल्यांपैकी बरेच जण गळतात. त्यात कुणाचा दोष नसतो.

रक्तगट जुळत नसेल तर काहीच मार्ग नाही का?

दोन मार्ग आहेत. एक, रुग्णाच्या रक्तातील विरोधी प्रतिपिंडे औषधांनी व रक्तद्रव बदलून कमी करायची आणि न जुळणाऱ्या गटाचे यकृत बसवायचे. जपान व कोरियाने ही पद्धत रुळवली आहे. तयारीला दोन-तीन आठवडे लागतात, खर्च वाढतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. एका घरातली पत्नी दुसऱ्या घरातल्या रुग्णाला यकृत देते आणि त्या घरातला भाऊ या रुग्णाला देतो. २०११ च्या कायदादुरुस्तीने अशा अदलाबदलीला मान्यता दिली आहे. अट अशी की प्रत्येक दाता आपापल्या रुग्णाचा कायद्याने ठरवलेला जवळचा नातेवाईक असावा. कागदावर सोपे वाटणारे हे प्रकरण प्रत्यक्षात चार शस्त्रक्रियागृहे आणि चार पथके एकाच सकाळी मागते. कारण एका दात्याची शस्त्रक्रिया आधी झाली आणि दुसऱ्याने माघार घेतली, तर पहिल्या कुटुंबाच्या हाती काहीच राहत नाही. शिवाय एका रुग्णालयाच्या यादीत जुळणाऱ्या जोड्या फार थोड्या असतात. तुर्कस्तानातील मालात्या येथील इनोनू विद्यापीठाने अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीने जोड्या लावण्याची पद्धत तयार करून २०२२ पासून अशा अदलाबदली मोठ्या प्रमाणावर केल्या आहेत. आपल्याकडे निरनिराळ्या रुग्णालयांनी आपल्या याद्या एकत्र केल्या, तर कित्येक कुटुंबांची अडचण नव्या यंत्रसामग्रीवाचून सुटेल. खासगी रुग्णालयांमधील स्पर्धा मात्र याच ठिकाणी आड येते.

दात्याच्या जिवाला धोका किती?

जगभरातील अनुभवावरून दात्याच्या मृत्यूचे प्रमाण हजारात दोन ते पाच असे धरले जाते. डावा भाग देताना ते कमी असते, उजवा खंड देताना जास्त. मृत्यू सोडून अन्य गुंतागुंत साधारण चारांपैकी एका किंवा त्याहून थोड्या अधिक दात्यांत होते: जखमेत जंतुसंसर्ग, पित्ताची गळती, फुप्फुसाभोवती पाणी, पुढे हर्निया. यांतील बहुतेक तक्रारी उपचारांनी बऱ्या होतात. काहींसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

हजारात दोन ते पाच हा आकडा लहान वाटतो, परंतु तो ज्याच्या वाट्याला येतो तो माणूस आजारी नव्हता. २००२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात भावाला यकृत देणारा दाता दगावला. त्यानंतर ते केंद्र काही काळ थांबले आणि २००१ मध्ये पाचशेच्या वर गेलेली अमेरिकेतील जिवंत दात्यांची वार्षिक संख्या पुढील काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. जपानमध्ये २००३ मध्ये पहिला दाता गेला, तेव्हा तेथेही निकषांची फेरतपासणी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात पतीला यकृत देणारी पत्नी आणि पती असे दोघेही दगावले आणि राज्याच्या आरोग्य विभागाला चौकशी करावी लागली. अशी एक घटना शेकडो यशस्वी शस्त्रक्रियांनी कमावलेला विश्वास हलवते. ‘दात्याला शून्य धोका’ असे जिथे सांगितले जाते, तिथे दुसरे मत अवश्य घ्यावे.

दात्यांमध्ये बायकाच जास्त का असतात?

आकडे हेच सांगतात. २०२३ मध्ये देशातील एकूण जिवंत अवयवदात्यांपैकी सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या, तर १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्या दर पाच रुग्णांपैकी चार पुरुष होते. यामागे वैद्यकीय कारणही आहे: दारूमुळे होणारा यकृताचा आजार पुरुषांत कितीतरी अधिक आहे आणि त्याच कारणाने घरातले पुरुष दाते बाद होतात. पण तेवढ्यावर हे स्पष्टीकरण संपत नाही. ‘त्याच्या नोकरीवर घर चालतं’, ‘भावाला सुट्टी मिळणार नाही’, ‘आईला विचारायचं काय, ती देणारच’ ही वाक्ये समुपदेशनाच्या खोलीत इतक्या सहजपणे येतात की त्यांत निवड कुठे झाली हे शोधावे लागते. पत्नीला यकृताची गरज असताना तितक्याच तत्परतेने पुढे येणारे नवरे आहेत, पण कमी आहेत.

कायद्याला याची जाणीव आहे. २०१४ च्या नियमांत म्हटले आहे की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. चांगल्या केंद्रांत दात्याशी एकटीने, नातेवाइकांना बाहेर बसवून बोलतात. तिला द्यायचे नसेल तर कारण कुणाला सांगितले जात नाही. ‘वैद्यकीय तपासणीत बसत नाही’ एवढेच कुटुंबाला कळवले जाते. सासरी तिला पुढे राहायचे असते, म्हणून ही पळवाट तिच्यासाठी राखून ठेवावी लागते.

कायद्याने कोण यकृत देऊ शकतो?

मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक ठरतात. आजी-आजोबा व नातवंडे २०११ च्या दुरुस्तीने या यादीत आली. सून, जावई, दीर, मेहुणा, मावसभाऊ, चुलत बहीण, काका-पुतण्या ही आपल्या घरात अगदी जवळची असलेली नाती या यादीत नाहीत. त्यांना यकृत द्यायचे असेल तर प्रकरण अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाते. प्रेमापोटी देत आहोत, पैशांसाठी नाही, हे तिथे दाखवावे लागते आणि त्या मुलाखतीचे चित्रीकरण होते.

हे काटेकोर वाटते, पण त्याला इतिहास आहे. मूत्रपिंडांचा बाजार या देशाने पाहिला आहे आणि गरिबाच्या शरीरावर तो कसा चालतो हेही पाहिले आहे. अवयवांच्या खरेदी-विक्रीला आज पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम सैल करून दाते वाढवावेत, ही मागणी अधूनमधून होते. ती मान्य करण्यासारखी वाटत नाही. मात्र लग्नाचा दाखला नसणे, आधार कार्डावर माहेरचे नाव असणे, शाळा सोडल्याच्या दाखल्यात वडिलांचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असणे अशा कारणांनी खऱ्या नातेवाइकांचे दिवस वाया जातात, ते टाळता येण्यासारखे आहेत. शिधापत्रिका, जुने फोटो, दाखले हे सगळे पहिल्याच आठवड्यात एकत्र करून ठेवावे.

भाऊ परदेशात आहे, त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे. तो देऊ शकतो का?

देऊ शकतो, पण दाता किंवा रुग्ण यांपैकी कोणी परदेशी नागरिक असेल तर सख्ख्या भावाचे प्रकरणही प्राधिकार समितीकडे जाते आणि नात्याबाबत त्या देशाच्या दूतावासाचे प्रमाणपत्र लागते. व्हिसा, रजा आणि शस्त्रक्रियेनंतरचा किमान सहा-आठ आठवड्यांचा मुक्काम धरून वेळेचे नियोजन करावे. प्राथमिक तपासण्या तो राहतो तिथेच करून अहवाल पाठवता येतात, म्हणजे विमानाचे तिकीट काढण्याआधीच फॅटी लिव्हर असल्यास कळते.

खर्च किती येतो आणि तो एवढा का?

खासगी रुग्णालयात साधारण २० ते ३० लाख रुपये आणि गुंतागुंत झाली तर त्याहून अधिक. एकाच वेळी दोन मोठ्या शस्त्रक्रिया, आठ ते बारा तास किंवा अधिक चालणारे काम, दोन पथके, रक्तघटक, अतिदक्षता विभागातील दिवस असा हा हिशेब असतो. त्यानंतर शरीराने यकृत नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांचा आणि रक्ततपासण्यांचा खर्च दर महिन्याला काही हजार रुपये असतो आणि पहिल्या वर्षी तो जास्त भरतो.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च वेगळाच असतो. गडचिरोली किंवा नांदेडहून आलेल्या कुटुंबाला मुंबई-पुण्यात दोन-तीन महिने खोली घेऊन राहावे लागते. रुग्ण आणि दाता हे बहुधा घरातले दोन्ही कमावते हात असतात आणि ते एकाच दिवशी थांबतात. दात्याला तीन महिने जड उचलता येत नाही. शेतमजूर, हमाल, गवंडी यांच्यासाठी याचा अर्थ तीन महिने मजुरी नाही. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी २०२३ पासून ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे, पण खासगी नोकरी करणाऱ्याला किंवा रोजंदारीवरच्या माणसाला तिचा उपयोग नाही. दात्याच्या तपासण्या आणि त्याला पुढे होणारा त्रास यांचा खर्च अनेक आरोग्य विमा पॉलिसींत बसत नाही, म्हणून पॉलिसीतील दात्याविषयीचे कलम आधी वाचावे.

मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा आणि विश्वस्त संस्था यांच्याकडे एकाच वेळी अर्ज करावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे नियम व मर्यादा बदलत असतात. त्या दिवशीची स्थिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावी. जमीन विकण्याचा निर्णय अंदाजपत्रक लेखी मिळाल्यावरच घ्यावा.

सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया सर्रास का होत नाही?

एका सर्जनच्या कौशल्यावर ही शस्त्रक्रिया उभी राहत नाही. यकृताचे भूलतज्ज्ञ, रात्री तीन वाजता डॉपलर करून रक्तवाहिनीत गुठळी झाली का हे पाहणारा रेडिओलॉजिस्ट, पित्तनलिकेत स्टेंट टाकणारा एंडोस्कोपीतज्ज्ञ, रक्तपेढी, प्रशिक्षित परिचारिका आणि समन्वयक हे सगळे एकाच वेळी हजर असावे लागतात. सरकारी महाविद्यालयात असा संघ जमायला पाच-सात वर्षे लागतात आणि दोन बदल्यांत तो विस्कटतो. दिल्लीतील यकृत व पित्तविज्ञान संस्था हे स्वायत्त सरकारी संस्थेचे उदाहरण आहे. स्थिर मनुष्यबळ आणि वेगळा निधी मिळाला तर सार्वजनिक व्यवस्थेतही जिवंत दात्यांची शस्त्रक्रिया नियमित होऊ शकते, हे तिथे दिसले आहे.

उलट बाजूही आहे. प्रत्येक जिल्ह्यात केंद्र काढावे असेही नाही. ही शस्त्रक्रिया हाताला बसायला बऱ्याच संख्येने करावी लागते आणि वर्षाला चार-पाच करणाऱ्या केंद्रात त्याची किंमत दाता मोजतो. थोडी पण भरपूर काम करणारी केंद्रे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणी व पुढील देखरेखीची सोय, ही रचना महाराष्ट्राला अधिक सोयीची ठरेल.

रुग्ण उशिरा येतो असे डॉक्टर नेहमी म्हणतात. किती उशिरा?

पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, माणूस भ्रमात बोलू लागला, अशा टप्प्यावर अनेकजण प्रथमच यकृततज्ज्ञाकडे पोहोचतात. आधीचे महिने कावीळ उतरवणाऱ्याकडे, गळ्यात माळ घालण्यात आणि झाडपाल्याच्या औषधात गेलेले असतात. त्यांतली काही औषधे यकृतालाच बाधतात. स्नायू झडलेल्या, मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णात उत्तम तुकडाही नीट चालत नाही.

लहान मुलांबाबत तर दिवस मोजावे लागतात. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शी पांढरट किंवा मातकट होते आणि कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहते. ‘बाळाला ऊन दाखवा’ या सल्ल्यात वेळ घालवू नये. कासाई नावाची शस्त्रक्रिया साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर तिचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. ती हुकली किंवा अयशस्वी झाली की प्रत्यारोपणच उरते.

याच्या उलट टोकाला एकाएकी यकृत निकामी होण्याची प्रकरणे आहेत. उंदीर मारण्याचे पिवळ्या फॉस्फरसचे मलम खाल्लेल्या तरुण रुग्णांत दोन-तीन दिवस काहीच होत नाही आणि मग यकृत कोसळते. येथे दात्याची सगळी तपासणी २४ ते ४८ तासांत उरकावी लागते. एवढ्या घाईत आणि एवढ्या भीतीत दिलेल्या संमतीला स्वेच्छा म्हणायचे का, हा प्रश्न या क्षेत्रातल्या माणसांना सुटलेला नाही.

दारूमुळे यकृत गेलेल्याला घरच्याने यकृत द्यावे का?

वैद्यकीयदृष्ट्या हा रुग्ण अपात्र नाही. दारू सोडून सहा महिने झालेले असावेत, असा जुना दंडक होता. आता अनेक केंद्रे महिने मोजण्याऐवजी व्यसनमुक्तीची तयारी आणि घरचा आधार पाहतात. दात्याने मात्र हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञापुढे उघडपणे मांडावा. रुग्ण पुन्हा प्यायला लागला तर मला काय वाटेल, याचे उत्तर शस्त्रक्रियेआधी शोधलेले बरे.

दुर्बिणीतून किंवा रोबोटने केल्यास दात्याचा त्रास कमी होतो का?

व्रण लहान राहतो, वेदना कमी होतात आणि दाता लवकर कामाला लागतो. सोल आणि रियाध येथील केंद्रांनी यात मोठा अनुभव मिळवला आहे आणि भारतातही काही ठिकाणी हे होते. पण आतला यकृताचा छेद तेवढाच असतो आणि मूळ धोका त्या छेदाचा आहे. लहान व्रणापेक्षा त्या पथकाने किती दात्यांवर काम केले आहे, हे विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर दात्याकडे कोण पाहते?

पहिले वर्षभर रुग्णालय पाहते. त्यानंतर बहुतेक वेळा कोणीच नाही. भारतात दात्यांची दीर्घकालीन नोंद प्रत्येक केंद्राने ठेवलीच पाहिजे आणि ती जाहीर झाली पाहिजे, अशी काटेकोर व्यवस्था अजून रुळलेली नाही. दहा-पंधरा वर्षांनी आपल्या दात्यांची प्रकृती कशी राहते, हे आपल्याच आकड्यांवरून सांगता आले तर पुढच्या दात्याला खरे उत्तर देता येईल. तोवर दात्याने स्वतःच वर्षातून एकदा यकृताच्या तपासण्या कराव्यात आणि वजन ताब्यात ठेवावे. रुग्ण दगावलेल्या घरातील दात्याची अवस्था विशेष नाजूक असते. पोटावर व्रण असतो, माणूस नसतो आणि ‘तरी वाचला नाहीच’ हे वाक्य कानावर पडत राहते. अशा दात्याला समुपदेशनासाठी परत बोलावणे हे केंद्राचे काम आहे.

दाता ऐनवेळी नकार देऊ शकतो का?

हो. भूल देईपर्यंत, कोणतेही कारण न सांगता.

भरती होताना नातेवाइकांनी काय तयारी ठेवावी?

मूळ कागदपत्रांचे दोन संच, रक्तदात्यांची नावे, आणि दोघांसाठी स्वतंत्र सोबती. रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, तिथे कोणाला आत घेत नाहीत, तरी सगळे घर त्याच्याच दाराशी बसून राहते; दाता दुसऱ्या मजल्यावर पोटाला बारा-पंधरा टाके घेऊन पाण्याचा पेला कोण देईल याची वाट पाहत असतो. त्याच्या खाटेजवळ रात्री कोण थांबणार, ते नाव आधीच ठरवून समन्वयकाला लिहून द्यावे.